सतराचा पाना व इतर हत्यारे

यॉ न्सिया चोर नव्हता. पाना माझ्याकडे होता.

(वरची ओळ सर्वांत शेवटी लिहिली, पण तिला जागा सर्वांत वरची दिली आहे. कारण पुरवणीत सापडेल.)

मी, क्वाकू ट्वुमासी, वय वर्षे बासष्ट, धंदा गाड्या दुरुस्तीचा, राहणार सुआमे मॅगझीन ही गॅरेजांची वस्ती, कुमासी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. छातीत पाणी भरतं, पाय सुजले आहेत, दहा पावलं चालून बसावं लागतं. पण बारा मिलिमीटरचा नट आणि तेराचा नट यांतला फरक अजून डोळे मिटून बोटाने सांगतो. मला कोणी धमकावलेलं नाही. उलट एका व्यक्तीने या कागदाला साक्षीदार आणून द्यायला साफ नकार दिला आहे, ते कलम ८ मध्ये येईल (हे वाक्य मागाहून घातलं). यापूर्वी कोणाला तोंडी काही कबूल केलं असेन तर ते बाटलीसमोर बसून केलं असावं, आणि ते रद्द समजावं.

कलम १. गावाकडचं घर माझं नाही, माझ्या आईच्या कुळाचं आहे. ते मी कोणाला देऊ शकत नाही. सुआमेमधल्या दोन खोल्या मात्र स्वकष्टार्जित आहेत. पुढची खोली माझी मुलगी अकोसुआ सेरवा हिला, मागची माझ्या बहिणीचा मुलगा कोफी आडोमाको याला. मधलं दार विटा लावून बुजवावं. त्या दोघांना रोज एकमेकांची तोंडं दिसली तर महिन्याच्या आत डोकी फुटतील.

कलम २. बँकेत जे आहे त्यातून साधी पेटी घेऊन मला पुरावं. भाड्याचे स्पीकर लावू नयेत. चाळीस वर्षं इंजिनांच्या शेजारी बसून कान घालवले, मेल्यावर तरी शांतता मिळू द्या. उरलेली रक्कम कलम ७ मधल्या कामासाठी राखून ठेवावी, तिला दुसऱ्या कोणी हात लावू नये.

कलम ३. हत्यारांची पेटी, आतले एकशे बारा नग. भांडण या पेटीवरून होणार आहे, म्हणून नीट लिहितो.

आमच्यात बापाची वस्तू आपोआप मुलीकडे जात नाही, बहिणीच्या मुलाकडे जाते. स्वतः कमावलेली वस्तू बाप देऊ शकतो. पण ती घेणाऱ्याने चारचौघांत आभाराची बाटली ठेवायची असते, आणि बसलेल्यांनी ती प्यायची असते. कायद्याला सही पुरते, कुळाला बाटली लागते. पेटी मी सेरवाला देत आहे. ती एकोणतीस वर्षांची आहे, अकरा वर्षं फिटर आहे, आणि तिने घट्ट केलेला बोल्ट मला पुन्हा तपासावा लागत नाही. पण सेरवाने बाटली अजून ठेवलेली नाही. ती न ठेवता मी गेलो, तर सही असो नसो, माझे लोक पेटी उचलून आडोमाकोच्या दारात नेऊन ठेवतील.

आणि आडोमाको तिचं काय करणार तेही मला कळलं आहे. परवा शनिवारी मी पडद्यामागे खाटेवर पडलो होतो. तो भंगारवाल्याला घेऊन आला.

"सगळं मिळून किती भरेल?"

"पंचावन्न किलो, फार तर साठ. लोखंडाचा भाव देईन."

"लोखंड कसलं? अहो, जर्मन माल आहे. जपानी आहे."

"भट्टीत गेल्यावर सगळे एकाच भाषेत रडतात. पेटी रिकामी करून देणार का?"

"हळू बोला. मामा आत आहेत."

"जागे आहेत?"

"आहेत थोडेफार."

मी खोकलो. मग आडोमाकोचा आवाज, मध लावलेला: "मामा, औषध घेतलंत ना वेळेवर?"

औषध घेतलं होतं. त्याच दिवशी कागद आणायला सांगितलं.

कलम ४. लाल पत्र्याच्या डब्यातला चाळीस नगांचा चकचकीत संच, ज्यातले एकतीस उरले आहेत, तो आडोमाकोला देत आहे. त्याला चकाकी आवडते. हा संच मी १९७९ मध्ये उमेदवारी संपल्यावर घेतला. सगळे म्हणाले, वा, एकदम चाळीस! तिसऱ्या दिवशी चौदाच्या पान्याचं तोंड फाटलं आणि माझी मूठ इंजिनाच्या पंख्यावर आपटली. उजव्या हाताच्या तीन बोटांवर तो दिवस अजून दिसतो.

पण त्या डब्यानेच मला धंदा शिकवला, तो सेरवासाठी लिहून ठेवतो. पैसे नसतात तेव्हा आधी स्वस्तातलं घ्यावं, त्यात लाज नाही. जे मोडेल तेच आपण खरं वापरतो. मोडलेल्याच्या जागी मग एकच, पण चांगलं घ्यावं. चाळीसपैकी नऊ मोडले; ते नऊ मी एकेक करून सहा वर्षांत घेतले. उरलेले एकतीस अजून नवे दिसतात, कारण त्यांची कधी गरजच पडली नाही.

कलम ५. पेटीतल्या काही नगांविषयी.

परदेशातून जुन्या गाड्यांबरोबर जुनी हत्यारं येतात, ती बाया ढीग मांडून विकतात. ढिगात चमक पाहू नये, पान्याचं तोंड पाहावं. दोऱ्याला टांगून खिळ्याने वाजवावं. चांगलं पोलाद बराच वेळ वाजत राहतं. वर कोरलेल्या कंपनीच्या नावाला भुलू नये, पाहिजे ते नाव आमच्याच गल्लीत कोरून मिळतं. विकणारी बाई फुफू खात असताना भाव करू नये, ती रागाने दुप्पट सांगते.

अर्ध्या इंचाचा रॅचेट, म्हणजे नटावरून न काढता मागेपुढे फिरवायचा दांडा, तीन मेलेल्या रॅचेटांच्या पोटातून एक जिवंत केला आहे. त्याला तेल जास्त लागतं. तेराचा वाकडा पाना मी मुद्दाम तापवून वाकवला आहे. स्टार्टरचा मागचा बोल्ट दुसऱ्या कशाने निघत नाही, तेव्हा वाकडा म्हणून कोणी फेकू नये. हातोडीचा दांडा पेरूच्या लाकडाचा आहे. टॉर्कचा पाना, जो बोल्ट किती आवळला ते दाखवतो, तो अर्धा माझा आणि अर्धा यॉ न्सियाचा आहे. आम्ही दोघांनी पाच महिने दुपारचं जेवण केंकीच्या एका गोळ्यात भागवून तो घेतला होता. त्यातला न्सियाचा अर्धा भागही मी एकवीस वर्षं वापरतो आहे.

कलम ६. आता सतराचा पाना.

मोडलेल्या नऊ जागी घेतलेला हा पहिला चांगला नग. १९८१ साल. दोऱ्याला टांगला तर आजही पाच आकडे मोजेपर्यंत वाजतो. दांड्यावर करवतीचे दोन काप आहेत, ती माझी खूण.

न्सिया आणि मी एकाच छपराखाली सतरा वर्षं काम केलं. त्याचा स्वभाव मोकळा, माझा संशयी. माझ्या पेटीचा नियम असा होता की हत्यार उसनं हवं असेल तर पायातली एक चप्पल माझ्या पेटीपाशी ठेवायची. एका चपलेवर माणूस लांब जात नाही. सगळ्या मॅगझीनमध्ये या नियमावरून माझी टिंगल होत असे, पण माझं एकही हत्यार कधी हरवलं नाही. हा नियम फक्त न्सियाला नव्हता. तो नुसता हात घालून घ्यायचा आणि परत ठेवायचा.

१९९८ मध्ये एका यामवाल्याच्या, म्हणजे कंदांच्या व्यापाऱ्याच्या, ट्रकचं काम संपलं आणि सतराचा पाना दिसेना. पेटीपाशी कोणाची चप्पल नव्हती. चपलेशिवाय हात घालणारा माणूस एकच होता.

मी विचारलं. न्सिया आधी हसला. "तूच कुठंतरी ठेवला असशील. तुझं डोकं आणि गळका रेडिएटर, दोन्ही सारखेच." मग माझा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं. "ट्वुमासी, तू मला विचारतोयस?"

मी म्हणालो, "दुसऱ्या कोणाला विचारू?"

तिसऱ्या दिवशी मी अंडी आणि बाटली घेऊन नदीवर गेलो. नदीचं नाव इथे लिहीत नाही, लिहू नये. तिथे उभा राहून म्हणालो: ज्याच्याकडे माझा पाना आहे आणि जो गप्प बसला आहे, त्याला तू बघून घे.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मॅगझीनला कळलं. ज्याच्या डोक्यावर नदीचा शब्द आहे त्याच्या हाती गाडी कोण देणार? वर्षाच्या आत न्सियाने आपली हत्यारं एका पोत्यात भरली आणि तो टेचिमनला निघून गेला. जाताना टॉर्कच्या पान्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

कलम ७. २००६ मध्ये तोच ट्रक पुन्हा आला. गिअरबॉक्स उतरवायचा होता. सेरवा तेव्हा सोळा वर्षांची, शाळेला सुट्टी म्हणून मदतीला आली होती. तिने चेसीच्या आडव्या पट्टीवरचा वाळलेला चिखल खरवडला आणि म्हणाली, "बाबा, हे तुमचंच ना?"

दोन काप. आठ वर्षं पाना ट्रकच्या पोटाला चिकटून बसला होता. तो ट्रक दर आठवड्याला याम आणायला टेचिमनला जात असे, म्हणजे न्सियाच्या दुकानावरून.

मी पाना खिशात घातला आणि म्हणालो, "कुणाला बोलू नकोस."

एवढंच. हे तीन शब्द बोललो त्या क्षणापासून पाना कोणाकडे होता आणि गप्प कोण होतं, ते मला ठाऊक आहे. नदीलाही असणार.

तेव्हाच जायला हवं होतं. शब्द ज्याने घातला त्यानेच तिथे जाऊन, चारचौघांत चूक सांगून, मेंढी देऊन तो परत घ्यायचा असतो. मी गेलो नाही. भीती वाटली असं लिहिलं तर ते अर्धं खरं होईल. मला लाज वाटली. चपलेच्या नियमावर मिशीला पीळ देणारा माणूस मी, आणि पाना मीच ट्रकवर विसरलो, हे मॅगझीनमध्ये उभं राहून सांगायचं होतं. आधी उद्या म्हटलं, मग पुढच्या वर्षी. तेरा वर्षं गेली.

२०११ मध्ये माझा धाकटा भाऊ गेला. डॉक्टर म्हणाले, साखर. मी मान हलवली, पण पूर्ण विश्वास ठेवला नाही. असा शब्द एका माणसावर थांबत नाही, तो आईच्या कुळातून पुढे जातो: भाऊ, बहीण, बहिणीची मुलं. म्हणजे आडोमाको ज्या वाटेने पेटी मागतो आहे, त्याच वाटेने हेही त्याच्याकडे जाणार. सेरवाचं कूळ तिच्या आईचं, तिला धक्का नाही. आडोमाकोचा मला राग आहे. पण त्याला दोन लहान मुली आहेत, त्यांचा बाप जाऊ नये; त्या मला पाहिलं की काठी आणून देतात. म्हणून राखून ठेवलेल्या रकमेतून मेंढी, बाटल्या आणि अंडी घेऊन माझ्या लोकांनी माझ्या वतीने नदीवर जावं. सतराचा पाना यॉ न्सिया याला द्यावा. टॉर्कचा पानाही त्याचाच समजावा.

कलम ८. इथपर्यंत लिहून मी सेरवाला म्हणालो, शेजारच्या दोघांना साक्षीला बोलाव.

तिने कागद वाचला. ती माझ्या पेटीतलं सगळं वापरते, पण सतराचा पाना तिने तेरा वर्षांत एकदाही उचललेला नाही. बाजारातून स्वतःचा स्वस्त सतरा आणला, त्याने दोनदा नट गोल केले, माझ्या शिव्या खाल्ल्या, पण माझ्याला बोट लावलं नाही. मी कधी कारण विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

कागद खाली ठेवून म्हणाली, "छान लिहिलंय. तुम्ही मेल्यावर छान वाटेल ऐकायला."

"अगं, दम लागतो मला. टेचिमन काय इथं आहे?"

"पेटी मला देताय ना? सगळी देताय, तर त्यातलं खोटंही मलाच देताय. मी नाही बाटली ठेवणार. भंगारात गेली तर जाऊ दे."

"साठ किलोला विकतील गं! चाळीस वर्षं घातली मी यात!"

"न्सियाकाकांनी किती घातली, ते मोजलंय?"

"साक्षीदार आण आधी."

"एकच साक्षीदार आणीन. तो टेचिमनला असतो. शुद्ध हरपायच्या आत ठरवा."

सबब हे मृत्युपत्र सोमवार, ४ मार्च २०१९ रोजी सहीविना थांबवत आहे.

पुरवणी. शुक्रवार, ८ मार्च २०१९, टेचिमन.

ट्रोट्रो व्हॅनमध्ये पेटीसाठी वेगळ्या जागेचे पैसे द्यावे लागले. वाटेत दोनदा उतरून मी रस्त्याच्या कडेला बसलो. दुसऱ्यांदा वाटलं, इथेच संपतंय. सेरवा माझा हात धरून उभी राहिली.

न्सियाचं दुकान म्हणजे एक छप्पर आणि एक झाड. तो ट्रकखाली होता, नुसते पाय बाहेर. आमची पावलं वाजली तसा खालून एक हात आला.

"ड्रायव्हर, सतरा दे रे जरा. तिथं फडक्यावर आहे."

फडक्यावर त्याचा सतरा होता. मी खिशातला काढून त्याच्या हातावर ठेवला.

हात आत गेला. बोल्टावर पाना बसल्याचा आवाज आला, एकदा फिरला, आणि थांबला. त्याचा अंगठा कापांवर आला असणार. मला वाटलं, आता हा हत्यार घेऊन बाहेर येईल. आला असता तर मी हललो नसतो.

मग खालून आवाज आला. "पाय फार सुजलेत तुझे, ट्वुमासी."

मी म्हणालो, "हो."

"कुठं होता हा?"

"त्या यामवाल्याच्या ट्रकवर. चेसीच्या पट्टीवर. मीच विसरलो होतो."

"कधी सापडला?"

हाच प्रश्न मी तेरा वर्षं टाळत होतो. खोटं बोलायला जागा होती. गेल्या महिन्यात म्हणालो असतो तरी चाललं असतं. सेरवा माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम झाडाकडे बघत होती.

"दोन हजार सहा."

खाली बोल्ट पुरता आवळला गेला. मग तो सरपटत बाहेर आला. केस पांढरे, खालचे दोन दात गेलेले. माझ्या तोंडाजवळ येऊन उभा राहिला.

"माझी आई मरेपर्यंत माझ्या ताटात जेवली नाही. वेगळं शिजवायची, नदीच्या भीतीने. दोन हजार नऊला गेली. दोन हजार सहाला तू आला असतास तर तीन वर्षं जेवली असती. ती तीन वर्षं कुठल्या पेटीतून काढून देतोस?"

मी हा कागद पुढे केला. त्याने चष्मा लावून, एका जागी उभं राहून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. आडोमाकोच्या औषधापाशी त्याला किंचित हसू आलं, ते त्याने दाबलं.

"पाचव्या कलमात माझं नाव? घर, बँक, पेटी, लाल डबा, हातोडीचा दांडा, आणि मग मी?"

"वर लिहितो."

"सगळ्यांत वर. तुझ्या नावाच्याही वर. आणि मेंढी घेऊन तुझे लोक नाही जायचे, तू जायचंस. जिवंत. मी उभा राहून बघणार. आणि त्याआधी मॅगझीनमध्ये, आपल्या छपराखाली, मोठ्यांदा सांगायचंस."

"दम पुरणार नाही रे."

"मग थांबत थांबत सांग. लोकांना घाई नसते अशा वेळी."

तेव्हा वरची ओळ मी लिहिली. नदीच्या पुजाऱ्याला फोन केला, त्याने येत्या रविवारनंतरचा रविवार दिला आहे. तोवर मला जगायचं आहे, आणि हे मी औषधाच्या बाटलीलाही बजावलं आहे.

दुसऱ्या साक्षीदार म्हणून शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका अमा अचियामा यांना बोलावलं. त्यांनी कागद वाचून सांगितलं की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं, त्याने त्यावर साक्षीची सही केली तर त्याचं देणं बुडतं. न्सियाने सही तरी करावी किंवा पाना तरी घ्यावा.

न्सिया म्हणाला, "सही करतो."

सबब कलम ७ मधलं सतराच्या पान्याचं देणं रद्द. टॉर्कच्या पान्याचा माझा अर्धा भाग पेटीसोबत सेरवाला. न्सियाचा अर्धा भाग आधीपासून त्याचाच, तो मी देण्याचा प्रश्न नाही. पुढे कोणी कधी वापरायचा ते दोघांनी भांडून ठरवावं. नदीचं काम मी स्वतः करणार. त्याआधी गेलो तर माझ्या लोकांनी न्सियाला सोबत घेऊन ते करावं.

मग सेरवाने पिशवीतून बाटली काढली. ती कुमासीहून निघतानाच तिने बरोबर घेतली होती, आणि वाटेत मला सांगितलं नव्हतं. तिने रीतीप्रमाणे सर्वांसमोर पेटीचे आभार मानले. पहिला घोट न्सियाने घेतला, दुसरा मुख्याध्यापिकाबाईंनी, तिसरा मी. देणं पक्कं झालं. आडोमाकोला व भंगारवाल्याला हे वाचून दाखवावं.

शेवटचं कलम. बाटली संपल्यावर न्सिया पुन्हा ट्रककडे निघाला. सतराचा पाना अजून त्याच्या हातात होता. मी म्हणालो, "ठेव की तो तुझ्याकडे. कागदावर नाही, असाच."

तो म्हणाला, "असाच नको. असाच घेतला की काय होतं, ते मला माहीत आहे. उसना नेतो."

आणि त्याने डाव्या पायातली चप्पल काढली, पेटीपर्यंत चालत आला, आणि सतराच्या रिकाम्या खाचेवर ती आडवी ठेवली. मी रडलो. हे लिहायची गरज नाही, पण साक्षीदारांनी पाहिलं आहे.

ती चप्पल तिथून कोणी काढू नये. पाना न्सियाकडे मागू नये. सेरवा, तुझा तो स्वस्तातला सतरा टाकून दे आणि एक चांगला घे. ढिगातून, दोऱ्याला टांगून.

सही: क्वाकू ट्वुमासी, दोन्ही साक्षीदारांसमक्ष.
स्थळ: टेचिमन, न्सियाचं छप्पर.
दिनांक: ८ मार्च २०१९.

साक्षीदार: अमा अचियामा, मुख्याध्यापिका, टेचिमन.

साक्षीदार: यॉ न्सिया, फिटर, पूर्वी सुआमे मॅगझीन, हल्ली टेचिमन. सर्व वाचून, एका चपलेवर उभं राहून सही केली.